प्रश्न वाचकांचे: सर्व्हरने स्वतःबद्दल काय सांगावे?

मागील अंकात सर्व्हरची मांडणी आपोआप लावून देणाऱ्या ॲन्सिबल आणि पपेट या दोन साधनांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेली बरीच पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. ही साधने सर्व्हरविषयी पुष्कळ माहिती स्वतःहून गोळा करतात, पण आपल्याला हवी असलेली नेमकी बाब तीत नसते. ती कशी मिळवावी आणि मिळाल्यावर तिच्यावर किती विसंबावे, असे वाचकांचे विचारणे आहे. या वेळचा स्तंभ त्यालाच दिला आहे. आज्ञा, फाइली आणि डिरेक्टरी यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. वेगळे सांगितले नसेल तेथे संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत.

प्रश्न: आमच्याकडे सुमारे ९० लिनक्स सर्व्हर आहेत आणि त्यांतील निम्म्यांवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. कोणत्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे हे कळल्याशिवाय पुढची कामे अडतात, म्हणून मी प्रत्येक प्लेबुकच्या, म्हणजे ॲन्सिबलने करायच्या कामांच्या यादीच्या, सुरुवातीला एक शेल कमांड चालवून तिचे उत्तर साठवतो. अशी अकरा प्लेबुके झाली असून सगळ्यांत तोच तुकडा चिकटवलेला आहे. यासाठी स्वतःचा फॅक्ट लिहावा असे सहकारी सांगतात. तो कसा लिहावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर: बारावे प्लेबुक लिहिण्याआधी आपण थांबलात, हे बरे केलेत. ॲन्सिबल प्लेबुकमधील प्रत्येक प्लेच्या, म्हणजे कामांच्या एका गटाच्या, आरंभी सेटअप नावाचे मॉड्यूल, म्हणजे एक तयार छोटा प्रोग्राम, समोरच्या सर्व्हरवर चालवते आणि ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्डे यांची माहिती घेऊन परत येते. या माहितीतील एकेका नोंदीला फॅक्ट म्हणतात. पोस्टग्रेसची आवृत्ती तीत नसते, कारण आपण आपल्या मशीनवर काय काय बसवले असेल याचा अंदाज साधन लिहिणाऱ्यांनी बांधत बसावा, अशी अपेक्षाच रास्त नाही. त्यांनी त्याऐवजी एक खुंटी ठोकून ठेवली आहे. सर्व्हरवर इटीसी/ॲन्सिबल/फॅक्ट्स.डी या नावाची डिरेक्टरी असेल, तर सेटअप मॉड्यूल तिच्यातील ज्या फाइलींचे नाव डॉट फॅक्टने संपते त्या सर्व फाइली वाचते आणि त्यांतील मजकूर ॲन्सिबल_लोकल या नावाखाली आणून ठेवते. फाइलीचे नाव पोस्टग्रेस.फॅक्ट असेल, तर प्लेबुकमध्ये ती माहिती ॲन्सिबल_लोकल.पोस्टग्रेस अशी हाताशी येते. फाइलीच्या नावात जोडरेघ मात्र घालू नये, कारण मग हे टिंबाचे लिखाण चालत नाही आणि दर वेळी चौकोनी कंसांची कसरत करावी लागते.

ही फाइल तीन प्रकारची असू शकते: आयएनआय पद्धतीची, म्हणजे नाव-मूल्यांच्या ओळींची, साधी यादी, जेसन या ठरलेल्या मजकुरी मांडणीत लिहिलेली स्थिर माहिती, किंवा चालवल्यावर जेसन छापणारी स्क्रिप्ट. आपल्याला तिसरा प्रकार लागेल, कारण आवृत्ती बदलत राहते आणि ती हाताने लिहून ठेवली तर सहा महिन्यांत खोटी ठरते. स्क्रिप्ट बॅशमध्ये असो की पायथनमध्ये, तिच्या नावाचे शेपूट डॉट फॅक्टच हवे आणि तिच्यावर चालवण्याची परवानगी, म्हणजे ०७५५, असायला हवी. ही परवानगी राहून गेली, तर ॲन्सिबल स्क्रिप्टचा मजकूरच माहिती समजून वाचू पाहते. उलट चूकही तितकीच नेहमीची आहे. विंडोजच्या शेअरवरून उचललेल्या स्थिर जेसन फाइलीला कळत-नकळत चालवण्याची परवानगी चिकटून येते आणि ॲन्सिबल ती फाइल चालवायला जाते. अशा वेळी प्ले थांबत नाही. एक इशारा छापला जातो आणि फॅक्टच्या जागी त्रुटीचा संदेश असलेली नुसती एक ओळ येऊन बसते. तिच्या आत पोर्ट किंवा आवृत्ती शोधणारी पायरी पुढे कुठेतरी कोसळते आणि आपण तास-दोन तास भलतीकडेच दोष शोधत राहतो.

आता मुख्य गोष्ट. स्क्रिप्ट लिहिण्याआधी ‘पोस्टग्रेसची आवृत्ती’ म्हणजे आपल्याला नक्की काय हवे आहे, हे ठरवावे लागेल, कारण एकाच सर्व्हरवर या प्रश्नाची चार निरनिराळी खरी उत्तरे सापडू शकतात. पीएसक्यूएल या आज्ञेला आवृत्ती विचारली, तर ती आपली स्वतःची, म्हणजे क्लायंटची आवृत्ती सांगते. बसवलेल्या सर्व्हर प्रोग्रामची आवृत्ती निराळी असू शकते. पॅकेज अद्ययावत केले, पण सेवा पुन्हा सुरू केली नाही, तर मेमरीत जुनाच प्रोग्राम चालू असतो आणि डिस्कवर नवा असतो. आणि डेटा ज्या मुख्य आवृत्तीने मांडला आहे ती चौथी. ती डेटा डिरेक्टरीत पीजी_व्हर्जन नावाच्या फाइलीत लिहिलेली असते आणि या फाइलीचे नाव रोमन मोठ्या अक्षरांत आहे. फाइल उघडून पाहाल तर आत फक्त एक ओळ दिसेल: १४, १६ किंवा जो काही आकडा असेल तो. डेबियन आणि उबंटूवर दोन मुख्य आवृत्त्या शेजारी शेजारी बसवता येतात, त्यामुळे १६ चे पॅकेज आले म्हणून डेटाही १६ चा झाला, असे मुळीच नाही. बॅकअप आणि अपग्रेड यांसाठी आपल्याला चौथे उत्तर लागते, सुरक्षेच्या पॅचसाठी तिसरे. म्हणून फॅक्टला नुसते ‘आवृत्ती’ हे नाव देऊ नये. डेटा_आवृत्ती, चालू_आवृत्ती अशी उघड नावे द्यावीत. हा माझा थोडा हट्ट आहे, पण दोन वर्षांनी दुसरे कोणी ते प्लेबुक वाचील तेव्हा त्याची किंमत कळेल.

स्क्रिप्टने कुठे पाहायचे? उबंटूवर वार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल या डिरेक्टरीखाली आवृत्तीचा आकडा आणि त्याखाली क्लस्टरचे, म्हणजे पोस्टग्रेसच्या एका चालत्या प्रोग्रामने सांभाळलेल्या डेटाबेसच्या संचाचे, नाव, बहुधा मेन, अशी मांडणी असते. रेड हॅट घराण्यात वार/लिब/पीजीएसक्यूएल खाली पाहावे लागते. तेथे डेटा नावाची डिरेक्टरी कधी थेट असते, तर कधी आवृत्तीच्या आकड्याखाली. स्क्रिप्टने या सर्व जागा चाळाव्यात आणि सापडलेल्या प्रत्येक क्लस्टरची एक नोंद करावी. शेवटी छापायचे ते इतकेच: क्लस्टर नावाची एक यादी आणि प्रत्येक नोंदीत मार्ग, पोर्ट व डेटाची आवृत्ती. एकच क्लस्टर असलेल्या सर्व्हरवरसुद्धा यादीच छापावी, नाहीतर ज्या दिवशी दुसरा क्लस्टर ५४३३ पोर्टवर उभा राहील त्या दिवशी सगळी प्लेबुके बदलावी लागतील. ज्या सर्व्हरवर पोस्टग्रेस नाही तेथे स्क्रिप्टने त्रुटी न देता रिकामी यादी छापून शांतपणे संपावे. ‘पोस्टग्रेस नाही’ आणि ‘आहे की नाही ते कळले नाही’ या दोन बातम्या वेगळ्या आहेत, आणि त्या प्लेबुकपर्यंत वेगळ्याच पोहोचल्या पाहिजेत.

दुसऱ्या बातमीचे नेहमीचे कारण परवानगीचे असते. पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी सामान्यतः ०७०० असते, म्हणजे पोस्टग्रेस हा वापरकर्ता आणि सर्वाधिकारी रूट यांच्याशिवाय तिच्यात कोणी डोकावू शकत नाही. प्लेला बिकम, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालण्याची सूचना, लावलेले नसेल, तर माहितीही साध्या वापरकर्त्याच्या नावानेच गोळा होते, स्क्रिप्टला पीजी_व्हर्जन दिसत नाही आणि तिने नीट तपासले नसेल तर ती बिनदिक्कत रिकामी यादी छापते. म्हणून स्क्रिप्ट आधी सर्व्हरवर हाताने चालवून पाहावी, एकदा रूट म्हणून आणि एकदा साध्या वापरकर्त्याने, आणि तिचे उत्तर पायथनच्या जेसन.टूल या मॉड्यूलमधून गाळून घ्यावे. एखादा स्वल्पविराम जास्त पडला असेल तर तो तेथेच सापडतो.

शेवटची सूचना तुलनेविषयी. पोस्टग्रेसची ९.६ नंतरची मुख्य आवृत्ती १० ही होती. ती २०१७ मध्ये आली आणि तेव्हापासून आकडे मोजण्याची पद्धतच बदलली. आवृत्ती अक्षरमाला म्हणून छापली आणि अक्षरमाला म्हणूनच ताडून पाहिली, तर ९.६ ही १० पेक्षा मोठी ठरते, कारण पहिले अक्षर ९ हे १ च्या पुढचे आहे. त्यासाठी व्हर्जन नावाची चाचणी वापरावी. आयएनआय फाइलीतील सर्व मूल्ये अक्षरमालाच असतात, हेही विसरू नये. तेथे लिहिलेला ‘फॉल्स’ हा शब्द रिकामा नसल्यामुळे अटीत खरा धरला जाऊ शकतो. त्याला खरे-खोटे ठरवणारे बूल हे फिल्टर लावल्याशिवाय त्याच्यावर निर्णय सोपवू नये. त्याच फाइलीतील नावांची मोठी अक्षरे वाचताना लहान होतात, ते वेगळेच.

प्रश्न: प्लेबुकच्या पहिल्या पायरीत मी फॅक्टची फाइल सर्व्हरवर टाकतो आणि तिसऱ्या पायरीत तो फॅक्ट वापरतो. पहिल्या वेळी प्लेबुक पडते, दुसऱ्या वेळी चालते. नव्या सर्व्हरवर पुन्हा तेच. असे का होते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: माहिती गोळा होते प्लेच्या आरंभी आणि आपली फाइल सर्व्हरवर पोहोचते त्यानंतर. दुसऱ्या वेळी ती आधीपासूनच तेथे असल्यामुळे सगळे सुरळीत वाटते. फाइल टाकल्यानंतर सेटअप मॉड्यूल एक स्वतंत्र पायरी म्हणून पुन्हा चालवावे, म्हणजे प्रश्न मिटेल. ते चालवताना गॅदर_सबसेट या पर्यायात ऑल आणि मिन यांच्यापुढे उद्गारचिन्ह लावून ते वगळावेत आणि फक्त लोकल मागावे. असे केल्याने डिस्क, नेटवर्क वगैरेंची पुन्हा मोजदाद होत नाही आणि ही पायरी पटकन उरकते. ती फाइल बदलली तरच चालावी असे वाटत असेल, तर तिला हँडलर, म्हणजे बदल झाला तरच चालणारी पायरी, करून लगेच फ्लश करावे, म्हणजे तेथल्या तेथे चालवून घ्यावे. पपेटमध्ये मॉड्यूलबरोबर (येथे मॉड्यूल म्हणजे मांडणीच्या फाइलींचा गठ्ठा) येणारे फॅक्ट आधी एजंटकडे, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर चालणाऱ्या पपेटच्या प्रोग्रामकडे, उतरतात आणि मगच मोजले जातात, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. मात्र फाइल नावाच्या रिसोर्सने फॅक्टची फाइल टाकलीत, तर तेथेही पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

आपण माहितीची साठवण, म्हणजे फॅक्ट कॅशिंग, सुरू केली असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. तिची मुदत मुळात ८६,४०० सेकंदांची, म्हणजे पूर्ण एका दिवसाची असते. गॅदरिंगची पद्धत स्मार्ट ठेवली असेल, तर साठवण शिल्लक असेतो ॲन्सिबल सर्व्हरला पुन्हा विचारतच नाही आणि सकाळी बदललेली आवृत्ती संध्याकाळच्या प्लेबुकला ठाऊक नसते.

प्रश्न: आम्ही पपेट वापरतो. कस्टम फॅक्ट आणि एक्स्टर्नल फॅक्ट यांत काय फरक आहे, आणि रूबी ही प्रोग्रामिंगची भाषा न शिकता काम भागेल का? आमच्या काही फॅक्टमुळे एजंटची प्रत्येक फेरी फार रेंगाळते, त्यावरही सुचवावे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: पपेटसाठी माहिती गोळा करणाऱ्या प्रोग्रामचे नाव फॅक्टर आहे. कस्टम फॅक्ट रूबीत लिहिलेला असतो आणि मॉड्यूलच्या लिब/फॅक्टर या डिरेक्टरीत ठेवला की सर्व एजंटांकडे आपोआप पोहोचतो. एक्स्टर्नल फॅक्ट म्हणजे मॉड्यूलच्या फॅक्ट्स.डी डिरेक्टरीत, किंवा थेट सर्व्हरवर इटीसी/पपेटलॅब्स/फॅक्टर/फॅक्ट्स.डी येथे ठेवलेली फाइल. ती यॅमल (जेसनसारखीच एक मजकुरी मांडणी), जेसन किंवा बरोबरीच्या चिन्हाने जोडलेल्या नाव-मूल्यांच्या ओळी अशी असू शकते. अशा ओळी छापणारी कोणत्याही भाषेतील स्क्रिप्टही चालते. विंडोजवर पॉवरशेलची स्क्रिप्ट चालते आणि ती प्रोग्रामडेटाखालच्या पपेटलॅब्स डिरेक्टरीत अशाच नावाच्या जागी ठेवता येते. तेव्हा रूबी न शिकता काम भागते. रूबीचा मार्ग दोन कारणांसाठी धरावा: एक, आपल्या फॅक्टला दुसऱ्या फॅक्टच्या मूल्यावर अवलंबून राहायचे असेल, आणि दोन, कन्फाइन वापरून तो केवळ लिनक्सवर किंवा केवळ विशिष्ट मशीनवरच मोजला जावा असे वाटत असेल. कन्फाइन म्हणजे ‘हे तुझे काम नाही, तू यात पडू नकोस’ असे इतर मशीनना सांगणे. ओळींच्या स्वरूपात छापलेले प्रत्येक मूल्य येथेही अक्षरमालाच असते, आणि पपेटच्या भाषेत ४ या आवृत्तीपासून रिकामी अक्षरमालासुद्धा खरी धरली जाते.

रेंगाळण्याविषयी. फॅक्टर चालवताना टायमिंगचा पर्याय दिला की प्रत्येक फॅक्टला लागलेला वेळ समोर छापला जातो. मॉड्यूलमधून आलेले फॅक्ट त्यात दिसावेत म्हणून पी हा पर्यायही जोडावा. गुन्हेगार बहुतेक वेळा एकच असतो: नेटवर्कवरून कोणाला तरी काही विचारणारा फॅक्ट. एजंट मुळात दर ३० मिनिटांनी फेरी मारतो, म्हणजे दिवसाला ४८ वेळा, आणि प्रत्येक फेरीत आपला प्रत्येक फॅक्ट पुन्हा मोजला जातो. ज्याला विचारायचे तो सर्व्हर एखाद्या सकाळी झोपला, तर सगळ्या मशीन त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतात आणि मांडणीचे काम खोळंबते. नेटवर्कवरचे विचारणे टाळता येत नसेल, तर ते ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या वेगळ्या क्रॉन जॉबवर सोपवून उत्तर स्थानिक फाइलीत लिहावे आणि फॅक्टने फक्त ती फाइल वाचावी. फाइल कोणत्या वेळी लिहिली गेली, तेही त्याने सोबत सांगावे. रूबीतून बाहेरची आज्ञा चालवायची असल्यास फॅक्टरच्या स्वतःच्या एक्झिक्यूट पद्धतीने चालवावी आणि तिला टाइमआउट द्यावा.

यापेक्षा वाईट एक चूक मी स्वतः केलेली आहे. पूर्वीच्या एका नोकरीत पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्ससाठी, म्हणजे डेटा मेमरीत हाताशी ठेवण्याच्या जागेसाठी, किती मेमरी द्यावी हे ठरवण्याकरता मी एक फॅक्ट लिहिला आणि त्यात एकूण मेमरीऐवजी त्या क्षणी मोकळी असलेली मेमरी मोजली. मोकळी मेमरी दर फेरीला थोडी निराळी, म्हणून मांडणीच्या फाइलीतला आकडा दर फेरीला निराळा. आणि शेअर्ड बफर्सचा बदल सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून पपेट ती सेवाही इमानेइतबारे पुन्हा सुरू करत असे. डेटाबेस दर अर्ध्या तासाने काही सेकंद नाहीसा का होतो, याचा शोध आम्ही तीन दिवस नेटवर्कमध्ये घेत होतो. शेवटी एका सहकाऱ्याने लॉगमधल्या वेळा कागदावर एकाखाली एक मांडल्या आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. मांडणीच्या फाइलीच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, जाणारा फॅक्ट स्थिर हवा: मशीनमध्ये काही खरोखर बदलले तरच त्याने बदलावे. मोकळी मेमरी, चालू वेळ, लोड हे पाहण्यासाठी देखरेखीची वेगळी साधने आहेत, ती कामे त्यांना करू द्यावीत.

प्रश्न: प्रत्येक सर्व्हरवर ‘भूमिका’ नावाचा फॅक्ट ठेवून त्यात वेब, डेटाबेस, बॅकअप असे लिहावे आणि त्यावरून पपेटने किंवा ॲन्सिबलने पुढचे सगळे ठरवावे, अशी आमची योजना आहे. पासवर्डही त्यावरूनच वाटले जातील. यात काही धोका आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आहे, आणि तो शेवटच्या वाक्यात आहे. फॅक्ट म्हणजे सर्व्हरने स्वतःविषयी दिलेली जबानी. ती मोजण्याचे काम सर्व्हरवर चालते आणि त्या सर्व्हरवर ज्याच्या हाती रूट आहे तो तीत हवे ते लिहू शकतो. तुमच्या योजनेत एखादा फुटकळ वेब सर्व्हर कोणी फोडला, तर त्याने फॅक्ट्स.डी मधील एका ओळीत ‘वेब’च्या जागी ‘डेटाबेस’ लिहायचे आणि अर्धा तास थांबायचे. डेटाबेसचे पासवर्ड त्याच्या दारात आणून ठेवण्याचे काम तुमचेच साधन करील. पहारेकऱ्याने येणाऱ्याला ‘आपण कोण’ विचारावे आणि तो सांगेल त्या खोलीची किल्ली त्याच्या हातावर ठेवावी, असा हा प्रकार आहे.

पपेटमध्ये यासाठी ट्रस्टेड फॅक्ट ही वेगळी सोय आहे. हे फॅक्ट सर्व्हर सांगत नाही. एजंटच्या प्रमाणपत्रातून पपेटचा मुख्य सर्व्हर ते स्वतः वाचतो. नवे मशीन प्रमाणपत्राची विनंती पाठवण्यापूर्वी इटीसी/पपेटलॅब्स/पपेट येथील सीएसआर_ॲट्रिब्यूट्स.यॅमल या फाइलीत पीपी_रोल हे नाव घेऊन भूमिका लिहावी. विनंतीवर सही झाली की ती प्रमाणपत्रात गोठते आणि नंतर मशीनवर कोणी काहीही खोडले-लिहिले तरी बदलत नाही. बदलायचीच असेल तर प्रमाणपत्र नव्याने द्यावे लागते. ही गैरसोय काहींना खटकते, मला ती गुण वाटते. मात्र येणाऱ्या प्रत्येक विनंतीवर डोळे मिटून आपोआप सही करण्याची व्यवस्था तुमच्याकडे असेल, तर हीसुद्धा नुसती जबानीच उरते. सही करणाऱ्याने, माणूस असो वा स्क्रिप्ट, विनंतीत मागितलेली भूमिका आपल्या नोंदवहीशी ताडून पाहिलीच पाहिजे.

ॲन्सिबलमध्ये उत्तर अधिक सोपे आहे, कारण तेथे नियंत्रण करणारे मशीन सर्व्हरकडे जाते, सर्व्हर त्याच्याकडे येत नाही. भूमिका इन्व्हेंटरीच्या, म्हणजे ॲन्सिबलकडील सर्व्हरच्या यादीच्या, गटात लिहावी आणि पासवर्ड व्हॉल्ट या कुलूपबंद साठ्यातून त्या गटालाच द्यावेत. सर्व्हरने ती भूमिका स्वतः सांगण्याची गरजच नाही. एखाद्या सर्व्हरवर काय चालू आहे हे फॅक्ट सांगो. तेथे काय चालू असायला हवे हे आपण ठरवलेले असते, आणि ते जेथे ठरवले तेथेच लिहिलेले बरे. या दोहोंत फरक दिसला, तर प्लेबुकने पुढे न जाता थांबून ओरडावे. त्यासाठी असर्ट मॉड्यूल आहे, आणि भूमिकेच्या फॅक्टचा एवढा उपयोग मात्र अवश्य करावा.

फॅक्टवर अतिविश्वास ठेवण्याचा धोका केवळ कागदावरचा नाही. सीव्हीई-२०१६-९५८७ या क्रमांकाने नोंदलेल्या त्रुटीत असे आढळले होते की ताबा गेलेला सर्व्हर आपल्या फॅक्टमध्ये विशिष्ट मजकूर पेरून चक्क ॲन्सिबल चालवणाऱ्या मशीनवरच आज्ञा चालवून घेऊ शकतो. जानेवारी २०१७ मध्ये २.१.४ आणि २.२.१ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. एका सर्व्हरची जबानी ज्या मशीनच्या हाती सगळ्या सर्व्हरच्या चाव्या आहेत त्याच्यापर्यंत कशी पोहोचते, हे त्यातून दिसले. आपल्या टेम्प्लेटमध्ये आणि शेलच्या आज्ञांमध्ये फॅक्ट घालताना तो बाहेरून आलेला मजकूर आहे असे समजूनच घालावा.

प्रश्न: आमचे काही सर्व्हर आमच्याच मशीनरूममध्ये आहेत आणि काही ॲमेझॉनच्या क्लाउडवर. व्यवहारांचा डेटा भारतातच राहावा म्हणून सर्व्हर क्लाउडच्या कोणत्या रीजनमध्ये, म्हणजे भौगोलिक विभागात, आहे हे सांगणारा फॅक्ट हवा. मी लिहिलेली स्क्रिप्ट क्लाउडवर चटकन चालते, मशीनरूममधल्या सर्व्हरवर लटकते. (एक वाचक, मुंबई)

उत्तर: आपली स्क्रिप्ट बहुधा १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारणा करत असावी. हा पत्ता क्लाउडमधील मशीनलाच उत्तर देतो. मशीनरूममध्ये त्या पत्त्यावर कोणीच नसते आणि स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत राहते. म्हणून आधी सिस/क्लास/डीएमआय/आयडी या डिरेक्टरीतील सिस_व्हेंडर फाइल वाचावी. ॲमेझॉनच्या नव्या पिढीच्या मशीनवर तीत ॲमेझॉन ईसी२ असे लिहिलेले असते, जुन्यांवर झेन दिसते. यांपैकी काही नसेल तर विचारणा न करताच ‘मशीनरूम’ असे छापून संपावे. विचारणा करावी लागली तरी तिला एक-दोन सेकंदांचा टाइमआउट द्यावा. आणि नव्या पद्धतीत आधी टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, मागावे लागते, मगच माहिती मिळते. टोकनची मुदत जास्तीत जास्त २१,६०० सेकंद, म्हणजे सहा तास असते. फॅक्टसाठी एक मिनिटाचे टोकनही पुष्कळ झाले.

उत्तरात एपी-साउथ-१ आले तर तो मुंबईचा रीजन, २०१६ मध्ये सुरू झालेला. एपी-साउथ-२ आले तर हैदराबादचा, २०२२ मधला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवण्याचे बंधन घातले, त्यामुळे आपली चौकशी रास्त आहे. परंतु हा फॅक्ट सर्व्हर कुठे आहे तेवढेच सांगतो. त्याचा बॅकअप रात्री कोणत्या बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या साठवणीच्या जागेत, जातो आणि ती बकेट कोणत्या देशात आहे, हे या सर्व्हरला विचारून कळणार नाही. ते बॅकअपच्या मांडणीत पाहावे लागेल, आणि लेखापरीक्षकाला दाखवायचा कागदही तेथूनच निघेल.

प्रश्न: वर्षापूर्वी एक फॅक्ट आम्ही प्लेबुकमधून काढून टाकला, तरी तो अजून सगळीकडे दिसतो. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: प्लेबुकमधली पायरी गेली, सर्व्हरवरची फाइल तेथेच राहिली. ॲन्सिबल आपण सांगितलेले करते. न सांगितलेले आवरून ठेवत नाही. पपेटमध्ये मॉड्यूलमधून काढलेला फॅक्ट पुढच्या फेरीत एजंटकडूनही पुसला जातो, येथे ते काम आपले आहे. पायरी काढण्याऐवजी तिची अवस्था ॲब्सेंट, म्हणजे ‘ही फाइल नसावी’, अशी करावी, ती सर्व सर्व्हरवर एकदा चालू द्यावी आणि मगच प्लेबुकमधून खोडावी. जे सर्व्हर त्या दिवशी बंद असतील त्यांच्यासाठी ती आणखी महिनाभर राहू दिली तरी हरकत नाही.